बारा लाखांची झुळूक

नागपूरचा उन्हाळा ज्याने काढला नाही त्याने उन्हाळ्यावर बोलू नये, असे आम्हां नागपूरकरांचे प्रामाणिक मत आहे. पुण्यामुंबईचे पाहुणे "यंदा आमच्याकडेही अडतीस झालं होतं हो!" असे सांगू लागले की आम्ही नुसते हसतो आणि त्यांच्यापुढे पन्ह्याचा पेला सरकवतो. २०१३ च्या मे महिन्यात आमच्या शहरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता, हे सांगताना तर आमच्या आवाजात थोडा अभिमानच असतो. जणू काही तो आम्हीच शिडी लावून वर चढवला होता!

पण हा अभिमान वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी महाग पडतो. तो किती महाग पडतो, याचा मी वहीत रीतसर हिशेब मांडला. त्या हिशेबाचीच ही हकीकत.

आमचे घर वडिलांनी १९५४ साली बांधले. नागपूर तेव्हा जुन्या मध्यप्रदेशाची राजधानी होते आणि वडील सचिवालयात कारकून होते. पंधरा इंची विटांच्या भिंती, बारा फूट उंच छत, प्रत्येक खोलीला वर दोन-दोन झरोके, पुढे छपरी, मागे अंगण. पुढच्या चार खोल्यांवर पुढे स्लॅब आली. मागे जेवणघर आणि स्वयंपाकघर यांवर अजून कवेलूच आहेत. उन्हाळ्यात दारांना वाळ्याचे ताटे लागत आणि दर अर्ध्या तासाने त्यांवर पाणी मारण्याचे काम माझ्याकडे असे. त्याबद्दल वडील मला आठवड्याला एक आणा देत. घर थंड ठेवण्याचा आमच्या कुटुंबाचा पहिला खर्च तो हाच! पुढे कूलर आला. कूलरची घरघर, वुडवुलच्या ताट्यांचा तो ओला वास आणि पाण्याची टाकी भरली की नाही यावरून होणारी भांडणे, या सगळ्यांत आमचा संसार झाला.

त्याचे काय झाले, २०२४ च्या मे महिन्यात, दुपारी अडीचच्या सुमारास, आमच्या सौ. स्वयंपाकघरात भोवळ येऊन पडल्या. पारा पंचेचाळिशीला टेकला होता. मी आतल्या खोलीत कूलरपुढे वर्तमानपत्र तोंडावर घेऊन झोपलो होतो, हे सांगायला मला अजूनही जड जाते. भांड्याचा आवाज झाला म्हणून उठलो. आधी वाटले, मांजर असेल.

दवाखान्यात सलाईन लागले, संध्याकाळी घरी आलो. डॉक्टर म्हणाले, "काका, या वयात शरीराला उष्णता बाहेर टाकता येत नाही पूर्वीसारखी. घर थंड ठेवा." जणू काही आम्ही ते गरम ठेवण्यासाठी धडपडत होतो!

त्या रात्री डॅलसहून मुलाचा फोन आला. तिकडे सकाळ होती. तो म्हणाला, "बाबा, आता पुरे झालं. एक तर फ्लॅट घ्या, नाही तर सगळ्या घराला सेंट्रल एसी करून घ्या. निम्मे पैसे मी देतो. आमच्याकडे चाळीस-पन्नास वर्षांच्या जुन्या घरांतही करतात."

त्याच्या घरी मी एका जुलैत राहिलो आहे. बाहेर नागपूरसारखे ऊन आणि आत मी शाल पांघरून बसलेला. भिंतीत कुठे यंत्र दिसत नाही, आवाज नाही. छतातल्या जाळीतून झुळूक येते. मला ते फार आवडले होते. शिवाय त्यात आणखी एक मेख होती. तिकडच्या शाळांना सुट्टी लागते मेअखेर, म्हणजे नातवंडे येणार ती जूनमध्ये. आणि आमच्या जूनमध्ये कूलरचे काही चालत नाही. कूलर पाण्याच्या वाफेवर जगतो. हवा कोरडी असेल तर पाणी उडते आणि हवा गार होते. मृगाची चाहूल लागून हवेत ओल आली, की तोच कूलर खोलीत नुसता दमटपणा ओततो. एकदा नातवंडे जूनमध्ये आली, त्यांच्या अंगभर घामोळे उठले आणि पुढची चार वर्षे फक्त डिसेंबरमध्ये दहा दिवसांसाठी आली. सौ. ने तोंडाने कधी तक्रार केली नाही. पण 'सेंट्रल' म्हटल्यावर तिचे डोळे चमकले, ते स्वतःच्या भोवळीमुळे नव्हे, हे मला ठाऊक होते.

मी बँकेत अडतीस वर्षे नोकरी केली आहे. तेव्हा लगेच दोनशे पानी वही आणली आणि पहिल्या पानावर लिहिले, 'शीतकरण खाते'.

पहिले ठेकेदार आले ते मोटारीतून. दहा मिनिटांत सगळे घर फिरले, वर पाहिले, भिंतीवर बोटाने टकटक केले आणि म्हणाले, "काकाजी, साडेसोळाशे फूट आहे. दीडशे फुटाला एक टन धरा. अकरा टन. साडेपाचची दोन मशीनं. टेन्शन नका घेऊ."

मी टेन्शन घेतले. कारण अकरा टनांचे ओझे आमची स्लॅब पेलेल का, हा माझा पहिला प्रश्न होता. त्यांनी सज्जनपणाने न हसता समजावून सांगितले, की हा टन वजनाचा नव्हे. पूर्वी बर्फानेच गारवा करीत, तेव्हाचे ते माप आहे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो, तेवढी उष्णता बाहेर काढणारे यंत्र ते एक टनाचे. टनही अमेरिकेचा, दोन हजार पौंडांचा, म्हणजे सुमारे ९०७ किलोचा. मी मनातल्या मनात गुणाकार केला. अकरा टन म्हणजे दिवसाला जवळजवळ दहा हजार किलो बर्फ! आणि लहानपणी आमच्याकडे सरबतासाठी भुशात गुंडाळलेला चार आण्यांचा बर्फ आला, की गल्लीतली पोरे बघायला जमत.

त्यांचा आकडा आला बारा लाख दहा हजार.

दुसऱ्या ठेकेदारांचा आकडा आला पाच लाख नव्वद हजार. मी आनंदाने मुलाला फोन करणार, तेवढ्यात सौ. म्हणाली, "अहो, आधी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून वाचा." बँकेत मी होतो, पण हिशेब तपासायची सवय तिला!

दोन्ही कागद वाचले, तेव्हा कळले, की दुसऱ्यांनी फक्त यंत्रांची किंमत लिहिली होती. त्या यंत्रांतून निघालेली हवा खोल्यांपर्यंत पोहोचवायचे पत्र्याचे डक्ट, त्यांवरचे उष्णतारोधक आवरण, ते झाकायला खोटे छत, थ्री फेज वीज, नवी वायरिंग, भिंतींना पाडायची भोके, ती बुजवायचे प्लास्टर आणि त्यानंतर अपरिहार्यपणे सगळ्या घराचा रंग, हे सगळे 'गिऱ्हाइकाकडे' होते. ते सगळे जमेस धरले, तेव्हा दुसरा कागदही पहिल्याच्या शेजारी जाऊन बसला. वाचकहो, तुमच्यापैकी कोणी या वाटेने जाणार असेल, तर माझी एवढी विनंती ऐका: भाव मागताना आधी आपणच रकाने आखून द्या आणि प्रत्येकाला तेच भरायला लावा. रिकामा राहिलेला रकाना आपल्याच खिशातून भरावा लागतो.

मग डॅलसला एवढे महाग का पडत नाही? मुलानेच त्याचे उत्तर दिले. तिकडे पुष्कळ घरांत थंडीसाठी भट्टी आधीपासूनच असते आणि तिची गरम हवा खेळवायला डक्टही असतात. त्याच डक्टांना थंड हवेची जोड द्यायची, की झाले. ज्या जुन्या घरात डक्ट नाहीत, तिथे त्यांनाही मोठा खर्च येतो. शिवाय तिकडच्या लाकडी सांगाड्याच्या भिंती आतून पोकळ. आमच्या पंधरा इंची भिंतीला एक भोक पाडायचे, तर मिस्त्री दुपारपर्यंत "फोडून राहिलो काकाजी" म्हणत असतो. वडिलांनी घर बांधले ते हवा इकडून तिकडे जावी म्हणून. त्याच घरात हवा कोंडून ठेवायची, तर घराचा स्वभावच बदलावा लागणार होता. वरचे झरोके बुजणार, बारा फुटांचे छत दहावर येणार. यंत्राचा भाव बाजारात सगळीकडे सारखाच; फरक पडतो तो आपल्या घरामुळे.

आता विजेचा रकाना. अकरा टनांना सुमारे चौदा किलोवॅट वीज. दिवसाचे दहा तास, त्यांतही यंत्र मधूनमधून थांबते असे धरून शंभर युनिटे. उन्हाळ्याचे शंभर दिवस, म्हणजे दहा हजार युनिटे. एवढा वापर झाला, की बिल वरच्या पायरीवर चढते. सगळे आकार धरून युनिटला मी पंधरा रुपये लावले. दीड लाख रुपये! आणि यंत्र बारा वर्षे टिकेल असे धरले, तर बारा लाखांतले दरसाल एक लाख. मिळून अडीच लाख. शंभर दिवसांनी भागले, तर दिवसाला अडीच हजार रुपये.

सौ. ने तो आकडा पाहिला. "दिवसाला अडीच हजारांत आपण दोघं चिखलदऱ्याला राहू की!" ती म्हणाली. मग थोडे थांबून तिने विचारले, "मशीन बारा वर्षं टिकतं, म्हणता. आणि आपण?"

मी वही मिटली. असा रकाना मी आखलाच नव्हता. चौऱ्याहत्तर अधिक बारा म्हणजे शहाऐंशी. आणि आमच्यामागे या घरात राहायला कोण येणार? कोपऱ्यावरचा बिल्डर वर्षातून दोनदा मिठाई घेऊन येतो. तो डक्ट मोजायला येणार नाही, जमीन मोजायला येईल. बारा लाख रुपये ज्या छतात अडकवायचे, ते छतच आमच्यामागे पाडले जाणार. हे आम्हां दोघांनाही दिसत होते. फक्त कोणी बोलले नव्हते. त्या रात्री आम्ही जेवताना फारसे काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सौ. पहिल्या ठेकेदारांनी दिलेला नकाशा चष्मा लावून पाहत बसली होती. निळ्या रेघांनी डक्ट दाखवले होते. बोट फिरवत फिरवत ती मागच्या बाजूला आली आणि थांबली.

"अहो, यात माझं स्वयंपाकघर कुठं आहे?"

मी पाहिले. दिवाणखान्यात तीन जाळ्या, तिन्ही निजण्याच्या खोल्यांत दोन-दोन, जेवणघरात एक. स्वयंपाकघरात एकही नाही. ठेकेदारांना फोन केला. ते म्हणाले, "किचनमध्ये देत नाही काकाजी. फोडणीचा वास परतीच्या हवेतून सगळ्या घरात फिरतो."

म्हणणे बरोबरच होते. पण बारा लाख दहा हजार रुपये खर्चून सगळे घर थंड व्हायचे, आणि जिथे माझी बायको भोवळ येऊन पडली ती एकच खोली तेवढी तशीच राहायची! वहीची सव्वीस पाने भरली होती. त्यांत मला हे दिसले नव्हते.

मग भाच्याने त्याच्या ओळखीचा एक तरुण अभियंता पाठवला. तो यंत्रे विकत नाही. फक्त सल्ला देतो आणि त्याचे तीन हजार रुपये घेतो. सल्ल्याला पैसे म्हणजे काय, असे मी आधी कुरकुरलो. पण या साऱ्या व्यवहारात सर्वांत सत्कारणी लागलेले पैसे तेच. त्याने घराला टेप लावली, रात्री नऊ वाजता पुन्हा आला, स्टुलावर चढून स्लॅबला हात लावला आणि मलाही लावायला लावला. तवा! दिवसभर तापलेली स्लॅब रात्री आमच्या अंगावर शेक सोडत होती.

"काका," तो म्हणाला, "मे महिन्यात दुपारी तुम्ही किती खोल्या वापरता?"

"एक."

"आणि रात्री?"

"एक."

"मग बाकीच्या कोणासाठी गार करायच्या?"

मी उत्तर दिले नाही. सौ. भिंतीवरच्या नातवंडांच्या फोटोकडे पाहत होती. तो पोरगा समजूतदार; त्याने पुन्हा विचारले नाही. वहीतले एक कोरे पान मागून घेतले आणि म्हणाला, "आधी ऊन आत येऊ द्यायचं नाही. मग जे येईल तेवढंच बाहेर काढायचं. काढायला पैसे जास्त लागतात, अडवायला कमी."

त्याने जे लिहून दिले, ते इथे उतरवतो. स्लॅबवर पांढऱ्या चिनीमातीच्या तुकड्यांची फरशी, म्हणजे ऊन परत फिरेल: एक लाख पाच हजार. तीन खोल्यांना स्वतंत्र वायरिंग आणि अर्थिंग: साठ हजार. मंजूर भार वाढवणे: सात हजार. निजण्याच्या एका खोलीत आणि जेवणघरात दीड-दीड टनांचा आणि दिवाणखान्यात दोन टनांचा, असे पाच ताऱ्यांचे तीन इन्व्हर्टर एसी, बसवण्यासकट: एक लाख सत्तर हजार. त्या तीन खोल्यांच्या झरोक्यांना उघडमीट होणारी काचेची झडपे आणि जाड पडदे: वीस हजार. कवेलूंखाली दोन्ही खोल्यांना उष्णतारोधक छत, स्वयंपाकघराच्या पश्चिमेच्या खिडकीवर छज्जा आणि तिथे मोठा एक्झॉस्ट पंखा: अठ्ठावीस हजार. त्याचे स्वतःचे तीन हजार धरून एकूण तीन लाख त्र्याण्णव हजार.

स्वयंपाकघरात त्यानेही एसी दिला नाही. पण त्याने सौ. ला विचारले, "काकू, गॅससमोर उभं राहून करायची कामं किती, आणि बसून करायची किती?" हा प्रश्न त्या घरात सत्तर वर्षांत कोणी कोणत्या बाईला विचारला नव्हता. हिशेब केला, तर निवडणे, चिरणे, मळणे, वाटणे ही निम्म्याहून अधिक कामे जेवणघरातल्या टेबलावर होण्यासारखी निघाली. गॅसचे काम सकाळी दहाच्या आत आटपायचे. राहिला दुपारचा चहा. त्यावर तो काही बोलला नाही. फक्त माझ्याकडे पाहिले.

मुलगा आधी थोडा हिरमुसला. "बाबा, पैशांसाठी मागे हटू नका," म्हणाला. मी त्याला नकाशाची गोष्ट सांगितली. फोनवर बराच वेळ शांतता होती. मग म्हणाला, "आई तिथं पडली होती, हे माझ्याही लक्षात आलं नाही."

काम २०२५ च्या फेब्रुवारीत झाले. त्या वेळी एसीवर २८ टक्के वस्तू व सेवा कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के झाला. सात महिने थांबलो असतो, तर बारा-तेरा हजार वाचले असते, अशी हळहळ मी व्यक्त केली. "आणि मधला उन्हाळा?" सौ. म्हणाली. तो रकानाही माझ्याकडून राहिलाच होता.

तो उन्हाळा बरा गेला. फरशीने स्लॅबचा तवा निवाला. रात्री हात लावला तर नुसती कोमट लागे. एसी आम्ही सव्वीसवर ठेवून वर पंखा लावतो. मे महिन्याचे वीजबिल सहा हजार सहाशे रुपये आले. पूर्वीपेक्षा पुष्कळच जास्त. पण त्या दवाखान्याच्या बिलापेक्षा कमी. जुना कूलर टाकला नाही. तो छपरीत असतो. एप्रिलच्या कोरड्या संध्याकाळी त्याच्यासारखी हवा कोणतेच यंत्र देत नाही, हे माझे मत कायम आहे.

आणि जूनमध्ये नातवंडे आली. तीन आठवडे राहिली. त्यांच्यासाठी सौ. ने मागची खोली झाडूनपुसून, पलंगावर नव्या चादरी घालून ठेवली होती; पण एसी दिवाणखान्यात. तेव्हा पहिल्याच रात्री तिथे खाली ओळीने गाद्या पडल्या. मुलगा, सून, दोन्ही नातवंडे, आणि "यांना रात्री तहान लागते" असे कारण सांगून आजीही. आम्ही लहानपणी गच्चीवर असेच ओळीने निजत असू. फरक एवढाच, की तेव्हा वर तारे होते आणि आता भिंतीवर हिरवा दिवा. अर्ध्या रात्रीपर्यंत त्यांचे हसणे मला आतून ऐकू येत होते. शेवटी मीही माझी उशी घेऊन बाहेर आलो. माझ्या खोलीतला एसी बंद केला, हे वेगळे सांगायला नको, बँकेची सवय!

त्यांना विमानतळावर पोहोचवून आलो त्या रात्री घर फार मोठे वाटले. बाकीच्या खोल्यांची दारे सौ. ने एकेक करून लोटून घेतली.

शीतकरण खात्याची वही आता मिटली आहे. मध्यंतरी सहज चाळली, तर शेवटच्या पानावर सौ. च्या अक्षरात एक नोंद दिसली: 'दुपारचा चहा, एप्रिल ते जून, यांनी करायचा. खर्च: काही नाही.' तिच्याखाली निराळ्या शाईत आणखी एक ओळ होती: 'जुलैपासून पुढेही.'

समोरच्या घड्याळात पावणेचार झाले आहेत. तेव्हा हा हिशेब इथेच थांबवतो. आधण ठेवायचे आहे.